ओढणी, इलॅस्टिक आणि विषामृत

"तुला हवं तसं नाच" असं लहान मुलाला सांगितलं की ते बहुतेक वेळा जागच्या जागी थिजतं. कोणी आईकडे बघतं, कोणी फ्रॉकचं टोक तोंडात घालतं, आणि जी नाचतात ती टीव्हीवर पाहिलेल्या गाण्यातल्या चार स्टेप करून दाखवतात आणि "झालं" म्हणून उभी राहतात. यात मुलांचा काही दोष नाही. हवं तसं म्हणजे नेमकं कसं, हे मोठ्यांना तरी कुठे सांगता येतं? पण त्याच मुलाच्या हातात जुन्या शिफॉनच्या ओढणीचा तुकडा द्या आणि म्हणा, "हा वर उडव आणि खाली टेकायच्या आत झेल, पण हात वापरायचे नाहीत." मग बघा. कोपर पुढे येतं, गुडघा वर जातो, कोणी वाकून पाठीवर झेलायला बघतं, कोणी जमिनीवर आडवं होऊन पोटावर. ओढणी कुठे जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे अंगही आजवर कधी गेलं नव्हतं तिकडे जातं. आपण नाचतोय हे त्या मुलाच्या गावीही नसतं.

मी पुण्यात पाच ते अकरा वर्षांच्या मुलांचे सर्जनशील नृत्याचे वर्ग घेते. शनिवार-रविवार सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि अधूनमधून जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिबिरं. मी स्वतः कथक शिकले आहे. तत्कार, म्हणजे कथकचं मूळ पदन्यास, घोटून घोटून पायात बसवणं म्हणजे काय, गुरूंसमोर एकच तिहाई, म्हणजे तीनदा येणारा एकच तुकडा, पुन्हा पुन्हा करताना काय हाती लागतं, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. तेव्हा हे लिहिणं शास्त्रीय नृत्याच्या विरोधात मुळीच नाही. मला एवढंच वाटतं, की दुसऱ्याने रचलेलं अंगात उतरवण्याआधी, निदान त्याच्या बरोबरीने, मुलाची स्वतःच्या अंगाशी ओळख व्हायला हवी. ती ओळख करून द्यायला ओढणी, इलॅस्टिक, रद्दी आणि आपले गल्लीतले खेळ फार उपयोगी पडतात, आणि शाळांनी हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

माझ्याबरोबर एक मोठी कापडी पिशवी असते. तिच्यात ओढण्यांचे तुकडे, चिंचोके भरून शिवलेल्या तळहाताएवढ्या थैल्या, शिंप्याचं सामान मिळतं त्या दुकानातून आणलेलं रुंद इलॅस्टिक, प्लास्टिकच्या रिंगा, सुती दोरी, टिपऱ्यांचे जोड, आठवड्याची रद्दी आणि डबल बेडची एक जुनी चादर. महागडं काहीच नाही. पण यातल्या प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा आहे. शिफॉन हलकं, हवेला अडणारं. ते रेंगाळत, वळणं घेत खाली येतं. चिंचोक्यांची थैली सरळ येते, धप्पकन पडते आणि पडली की तिथेच राहते, चेंडू पळतो तशी पळत नाही. इलॅस्टिक ओढलं तर विरोध करतं, सोडलं तर झटका देतं. टिपरी वाकत नाही, म्हणून ती हातात असताना मनगटाला वाकावं लागतं.

हालचालींच्या या स्वभावांचा नृत्यरचनाकार आणि अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी फार बारकाईने विचार केला. आज स्लोव्हाकियाची राजधानी असलेल्या ब्रातिस्लाव्हात १८७९ मध्ये त्यांचा जन्म झाला. जर्मनीत त्यांनी मोठं काम उभं केलं, पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी बसवलेला समूहनृत्याचा कार्यक्रम नाझी राज्यकर्त्यांना रुचला नाही. तो लोकांपुढे येऊच दिला गेला नाही आणि १९३८ मध्ये लाबान इंग्लंडला पोचले. तिथे युद्धाच्या काळात त्यांनी कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये शाळांमधल्या नृत्यशिक्षणावर पुस्तक लिहिलं. यंत्रापाशी उभा असलेला कामगार आणि वर्गात उड्या मारणारं मूल यांच्याकडे हा माणूस एकाच नजरेने बघत होता, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्यांची मांडणी अशी: कुठलीही हालचाल जोरकस असते किंवा हलकी, झटक्यात होते किंवा रेंगाळत, थेट जाते किंवा वळणावळणाने. या तीन जोड्यांची सरमिसळ केली की आठ मूळ हालचाली निघतात. कणीक दाबणं, ओले कपडे पिळणं, बाहीवरची धूळ झटकणं, दारावर टकटक करणं, ठोसा मारणं, कोयता चालवणं, हात फिरवून चादर सारखी करणं आणि नुसतं तरंगणं. आपलं घर आणि शेत या आठांतच चालतं.

मुलांना यातलं एकही नाव सांगावं लागत नाही. ओढणी दिली की तरंगणं येतं, थैली दिली की जोर येतो, इलॅस्टिक दिलं की ओढ येते. शिकवणाऱ्याला तेवढा वेळ गप्प बसता येतं आणि बघता येतं, आणि बघायला वेळ मिळणं ही लहान मुलांच्या वर्गात फार दुर्मिळ गोष्ट आहे.

रद्दीचा खेळ जरा सविस्तर सांगते. वर्तमानपत्राचं एकेरी पान छातीवर धरायचं, धावायला लागायचं आणि हात सोडून द्यायचे. समोरून येणारी हवा पान छातीला दाबून धरते. थांबलं की ते पडतं, वेग कमी झाला तरी पडतं. हे कोणी सांगत नाही, पहिल्या फेरीत मुलांचं मुलांना कळतं. दुसऱ्या फेरीत आणखी एक कळतं: पोक काढून धावलं तर पान निसटतं, छाती पुढे काढून धावलं तर टिकतं. मग वळणावर अंग किती तिरपं करायचं, भिंत जवळ आली की वेग न सोडता कसं फिरायचं, याचे शोध सुरू होतात.

एका वर्गात दुसरीतली एक मुलगी होती. सतत खांदे आत घेतलेले, मान खाली. "ताठ उभी राहा" हे सांगून सांगून घरातले आणि शाळेतले थकलेले होते. पान पडू नये म्हणून ती धावायला लागली तेव्हा तिची हनुवटी वर होती, खांदे मागे होते आणि दोन्ही हात बाजूंना मोकळे सुटले होते. थोड्या वेळाने मी सगळ्यांची पानं गोळा केली आणि म्हटलं, "आता पान आहे असं समजून धावा. पडू द्यायचं नाही." न दिसणारं पान छातीवर घेऊन ती हॉलभर धावली. कोपऱ्यावर वळताना ते निसटायला लागलं असावं, कारण तिने अंग असं काही मागे झोकलं आणि एका पायावर अशी गिरकी घेऊन ते सावरलं, की बाकीची मुलं आपापली पानं विसरून बघत राहिली. मग मी मोबाईलवर तबल्याचा ठेका लावला. "आता पान झोपलंय, हळू चाला. आता जागं झालं." धावण्याच्या जागी चालणं आलं, चालण्यात थांबे आले, थांब्यांमध्ये ती गिरकी पुन्हा आली, या वेळी ठरवून. तिचा एक लहानसा नाच तयार झाला. त्यात वर्तमानपत्र कुठेही नव्हतं.

वस्तू वापरून नाच शिकवण्याचं सगळं मर्म मला या काढून घेण्यात दिसतं. वस्तू हातात देणं कोणालाही जमेल. ती परत कधी घ्यायची याला नजर लागते. लवकर घेतली तर अंगात काही मुरलेलं नसतं आणि मुलं हिरमुसतात. फार उशीर केला तर नाच बाजूला राहतो आणि ओढण्यांची ओढाओढ, थैल्यांची फेकाफेक सुरू होते. मी डोळ्यांकडे बघते. सुरुवातीला मुलाची नजर ओढणीवर असते, ती जाईल तिकडे नजर मागून जाते. मग एका क्षणी ते ओढणी पोचायच्या आधीच ती जिथे पोचणार आहे तिकडे बघायला लागतं. तसं झालं की समजायचं, आता ओढणी नसली तरी चालेल.

म्हणूनच दर आठवड्याला नवी वस्तू आणायला माझा ठाम विरोध आहे. नव्या रंगीत वस्तूने वर्गात जान येते खरी, पण ती नवलाई असते आणि नवलाई नऊ दिवसांची. त्या उत्साहालाच आपण नाच समजायला लागतो. माझ्या वर्गात महिना-महिना एकच ओढणी चालते. आधी तिला झेलायचं, मग ती जशी पडते तसं स्वतः पडायचं, मग एकाने ओढणी हलवायची आणि दुसऱ्याने ओढणी व्हायचं. सगळ्यात शेवटी दोघांनी मिळून, ओढणीशिवाय. हा शेवटचा खेळ मुलांना फार आवडतो. एक जण रिकामा हात हवेत फिरवतो आणि समोरचा सबंध अंगाने वळतो, उलगडतो, चुरगळून खाली येतो. मग अदलाबदल. आपल्या हाताच्या इशाऱ्यावर दुसरा माणूस हलतोय म्हटल्यावर वर्गातला सगळ्यात दांडगट मुलगासुद्धा हात जपून फिरवायला लागतो.

खेळांचं काम याहून वेगळं. वस्तूमुळे हालचालीला निमित्त मिळतं, खेळामुळे नियम मिळतो. नियम नसला की मुलं भांबावतात आणि तो फार जाचक झाला की आक्रसतात. आपल्या गल्लीतल्या खेळांत हे प्रमाण पिढ्यान् पिढ्यांच्या वापरातून आपोआप नेमकं बसलेलं आहे.

विषामृत घ्या. राज्य असलेल्याने "विष" दिलं की जागच्या जागी थांबायचं, दुसऱ्या गड्याने "अमृत" दिलं की सुटायचं. मी त्यात थोडी भर घालते. विष मिळालं की अंगाची खिडकी करून थांबायचं. म्हणजे हात, पाय, धड यांच्यामधून आरपार दिसेल अशी एक तरी मोकळी जागा हवी. अमृत देणाऱ्याने अंगाला हात लावायचा नाही, त्या खिडकीतून स्वतःचा हात किंवा पाय पलीकडे काढून दाखवायचा. आणि एकदा झालेली खिडकी त्या दिवशी पुन्हा चालणार नाही. पहिल्या काही मिनिटांत सगळीकडे कमरेवर हात ठेवलेली मुलं दिसतात. ती खिडकी संपते. मग पाय फाकवून केलेली कमान येते, तीही संपते. त्यानंतर खरी मजा. कोणी ओणवं होऊन हात जमिनीला टेकवतं, कोणी एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाचा अंगठा धरतं, कोणी आडवं पडून गुडघा आणि कोपर जोडतं. एकदा दोघी बहिणी एकाच वेळी बाद झाल्या आणि त्यांनी दोघींची मिळून एक खिडकी केली. हे चालतं का, यावर जोरदार भांडण झालं आणि शेवटी वर्गाने चालतं असं ठरवलं. त्या दिवसापासून जोडीच्या खिडक्या आमच्या खेळात आल्या, आणि त्यातूनच पुढे पाच-सहा जणांनी मिळून वाडा रचायचा नाच तयार झाला. आपल्या अंगाभोवती आणि अंगाच्या मधोमध असलेली मोकळी जागाही नाचातच धरायची असते, हे सात वर्षांच्या मुलाला भाषणाने कधी समजलं नसतं.

संगीत खुर्ची मात्र मी आहे तशी खेळत नाही. तिच्यात जो बाद होतो तो बाजूला बसतो, आणि बहुधा पहिला बाद होणारा तोच असतो ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज आहे. माझ्याकडे रिंगा कमी होतात, मुलं कमी होत नाहीत. गाणं थांबलं की प्रत्येकाच्या अंगाचा कुठला तरी भाग रिंगेत असला पाहिजे. रिंगा अर्ध्यावर येतात, मग चार उरतात, शेवटी एक. एका रिंगेत सगळा वर्ग मावायचा म्हणजे कोणाचं बोट, कोणाची टाच, कोणाचा नुसता शेपटा, आणि बाकी अंग बाहेर तोल सांभाळत. त्या घटकेला कॅमेरा काढू नये. बघून घ्यावं आणि पुढच्या ठेक्यावर त्यांना मोकळं करावं.

टिपरी दिली की मुलगे, आणि मुलीही, तिची तलवार करतात. काही शिक्षक याला मनाई करतात. मी करत नाही. लढाई करा म्हणते, फक्त पाण्याखाली असल्यासारखी हळू, आणि टिपरी टिपरीला लागायची नाही. वार करणाऱ्याने हात अर्ध्यात रोखायचा, चुकवणाऱ्याने पूर्ण अंगाने चुकवायचं. इतक्या संथपणे तोल धरून राहणं मोठ्या नर्तकांनाही कष्टाचं जातं. मुलं घामाघूम होतात आणि "परत एकदा" म्हणतात.

एका श्रावणात वर्गाबाहेरच्या बाकावर नातवंडांची वाट बघत बसलेल्या एका आजी आमचा खेळ बघून आत आल्या. म्हणाल्या, "तुम्ही ओढण्या घेऊन नाचता, आम्ही सूप घेऊन नाचायचो." घरून सूप मागवलं गेलं. आजींनी पदर खोचला आणि सूप डोक्यावरून, बगलेखालून, पाठीमागून फिरवत असा काही ठेका धरला की मुलांची तोंडं उघडीच राहिली. मग लाटणी आली, बस फुगडी आली. मंगळागौरीच्या खेळांकडे आपण आता नऊवारी नेसून करायचा स्पर्धेचा कार्यक्रम म्हणून बघतो. पण सूप, लाटणं, घागर, पदर हाताशी घेऊन बायकांनी उभी केलेली ती हालचालींची शाळाच होती. त्यात कोंबडा आहे, कासव आहे, जातं आहे. बसून, ओणवं होऊन, एका पायावर, जोडीने, गोलात, असं अंग वापरायचं एकही तऱ्हेचं काम त्यांनी शिल्लक ठेवलेलं नाही. लाबान वाचल्यावर मला हे नव्याने दिसलं, आणि तेव्हापासून माझ्या पिशवीत एक सूप कायम असतं.

साधनं साधी आणि आसपासची असावीत हा विचारही महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी गावातल्या आणि पाड्यांवरच्या मुलांसाठी काम केलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले हाती घेतले. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. चिंचोक्यांची थैली शिवताना माझ्या मनात या दोघी असतात. आज राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावं असं लिहिलेलं आहे. ते चांगलंच आहे. पण त्यासाठी छापील किट विकत घ्यायला धावण्याआधी शाळांनी कोसबाडकडे एकदा बघावं.

त्याच डहाणूच्या परिसरात वारल्यांचा तारपा नाच चालतो. तारपा म्हणजे सुकवलेला दुधी आणि बांबूच्या नळ्यांचं फुंकायचं वाद्य. वाजवणारा मधोमध, आणि एकमेकांच्या कमरेला धरलेली माणसांची लांब रांग त्याच्याभोवती वेटोळं घेत फिरते. तो वळेल तशी रांग वळते, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. या एका रिवाजावर सगळी रचना उभी आहे. मी वर्गात हा नाच शिकवत नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडूनच, त्यांच्या अंगणात शिकावा. पण एका साध्या नियमातून एवढा मोठा आकार उभा राहू शकतो हे मुलांना कळावं म्हणून आमचा एक खेळ आहे: एकाच्या हातात खुळखुळा, तो हॉलभर कुठेही फिरेल, बाकीच्यांनी कसंही हलावं, फक्त छाती सतत खुळखुळ्याच्या दिशेला हवी. मागे जाताना, आडवं सरकताना, लोळतानासुद्धा. आकाशातून कोणी बघितलं तर त्याला सूर्यफुलांचं शेत हलताना दिसेल.

रंगमंचावर काम करणाऱ्यांनीही आपल्याकडे हे धागे विणून ठेवले आहेत. नर्तक उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात कथकली, भरतनाट्यम, मणिपुरीचे गुरू होते आणि त्याबरोबरीने विद्यार्थ्यांनी स्वतः काही शोधावं, रचावं यालाही जागा होती. तिथून शिकून निघालेल्या नरेंद्र शर्मा यांनी दिल्लीच्या मॉडर्न स्कूलमध्ये अनेक वर्षं मुलांसोबत काम केलं आणि १९७२ मध्ये भूमिका ही संस्था काढली. शांती बर्धन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभा केला, त्यांच्या रामायणात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचत. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना त्या झटक्यांतलं सौंदर्य सांगायला नको. आमच्याकडे एक मूल बाहुली होतं, दुसरं न दिसणारी दोरी ओढतं. दोरी आधी मनगटाला, मग कोपराला, मग एका भुवईला. भुवईला दोरी बांधली की मुलांचा चेहरा पहिल्यांदा नाचात येतो.

आता गॅदरिंग. "या वर्षी काय बसवताय?" हा प्रश्न ऑक्टोबरपासून सुरू होतो. पालकांच्या उत्सुकतेचा मला राग नाही. लेकरू स्टेजवर दिसावं असं कोणाला वाटणार नाही? पण सिनेमातल्या गाण्यावर, मोठ्या माणसांसाठी बसवलेल्या स्टेप, लिपस्टिक लावलेली सहा वर्षांची मुलं पाठ केल्यासारख्या करताना बघून मला खरोखर त्रास होतो. त्या स्टेप त्यांच्या हाडापेराला, वयाला, मनाला कशालाच जुळत नाहीत. मागे उभ्या असलेल्या मुलाची नजर पुढच्यावर खिळलेली असते, चुकू नये म्हणून. त्याने केलेलं त्यात काही नसतं. आम्ही वर्षाअखेरीस स्टेज लावत नाही. हॉलमध्येच भिंतीला टेकून पालक बसतात आणि मुलं नेहमीचा तास करतात. मध्येच पालकांनाही उठवलं जातं. मुलगी खिडकी करून उभी आहे आणि बाबांना तिच्या कोपराखालून डोकं काढायचं आहे, असं झालं की "स्टेप कुठेत?" हे कोणी विचारत नाही. ज्या पालकांना तरीही स्टेज हवं असतं ते दुसरा क्लास लावतात, आणि ते मी मोकळेपणाने सुचवतेसुद्धा.

इलॅस्टिकबद्दल सांगायचं राहिलं, आणि ते तर मला सगळ्यात प्रिय. पंधरा-वीस मीटर रुंद इलॅस्टिकची टोकं शिवून मोठं वर्तुळ करायचं आणि सगळ्यांनी आतून कंबरेला टेकवून उभं राहायचं. एकाने मागे भार टाकला की तो भार सगळ्यांना जाणवतो. एकाने सोडलं की शेजाऱ्यांचा तोल जातो. शिबिरात एक मुलगा होता, कोणाचा हात धरायचा नाही, कोणी जवळ आलं तर कोपऱ्यात जाऊन बसायचा. फुगडी, साखळी, जोडीचे खेळ हे सगळं त्याला नकोच असायचं. इलॅस्टिकच्या वर्तुळात तो आला, कारण तिथे कोणाला स्पर्श करावा लागत नव्हता. तो मागे झुकला, समोरची मुलगी पुढे ओढली गेली, तिने मागे झुकून त्याला ओढलं. तो हसला. मग ते दोघं बराच वेळ तेवढंच करत राहिले, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि बाकीच्या वर्तुळाने त्यांच्या लयीत हलायला सुरुवात केली. त्या दिवशी इलॅस्टिक काढून घ्यायचं नाही असं मी ठरवलं. प्रत्येक मुलाची काढून घेण्याची वेळ वेगळी असते, आणि एखाद्याची ती या वर्षी येतही नाही.

हे वाचून कोणी लगेच करून बघणार असेल तर थोडं सावधगिरीचं. ओढणी गळ्याभोवती आणि तोंडावर घ्यायची नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. फरशीवर रद्दी पडली की पाय सटकतो, म्हणून पडलेलं पान आधी उचलायचं आणि मगच पुढे धावायचं. मोजे काढून अनवाणी. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, त्यामुळे बालवर्गात मी फुगे आणतच नाही. इलॅस्टिक चेहऱ्याच्या उंचीवर कधी ताणू द्यायचं नाही.

दिवाळीनंतर मोठ्या मुलांबरोबर गोफ करून बघायचा आहे. गोव्यात शिगम्याला गोफ नाचतात. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्यांचं एकेक टोक प्रत्येकाच्या हातात, आणि एकमेकांच्या आतून-बाहेरून जात नाचता नाचता दोऱ्यांची वेणी गुंफली जाते. मग तीच पावलं उलट टाकत ती सोडवायची. कोणाचं पाऊल चुकलं तर वेणीतच दिसतं, शिक्षकाला बोट दाखवावं लागत नाही, आणि चूक दुरुस्त करायला सगळ्यांना मिळून मागे यावं लागतं. ओढणीच्या अगदी उलट टोकाची ही गोष्ट आहे: इथे दोरी काढून घेतली तर काही उरेल का, याचीच मला उत्सुकता आहे. कदाचित एकमेकांच्या आतून-बाहेरून जाणारी नुसती वाट उरेल. सोसायटीने पंख्याच्या हुकाला दोऱ्या बांधायला परवानगी दिलेली नाही, म्हणून एका मुलाचे आजोबा बांबू आणि त्याला बसेल असा सिमेंटचा ठोकळा करून देणार आहेत. दोऱ्यांना आठ रंग हवेत, त्यातले सहा मिळाले आहेत. पहिल्या दिवशी गुंता होणार हे धरूनच चालले आहे, त्यामुळे त्या शनिवारचा तास अर्ध्या तासाने वाढवलाय आणि पालकांना उशिरा न्यायला या म्हणून कळवून ठेवलंय.